जवाईबापूच्या टेबलावरचे दिवे

नाही नाही नाही, तुम्ही कायले उठता — बसा तुम्ही, जवाईमाणसानं शिडी धरायची नसते, शिडी धरायले या हिरालाल मिस्त्रीचे दोन पाय आहेत न, तो पाहून घेईन — हिरालाल भैया, टेबल मत खिसकाना, टेबल जहाँ है वहीं रहेगा, लाइट टेबल के हिसाब से लगेगी, हव? — हं, तं मी काय म्हणत होती? धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येते बाप्पा हा अधिकमास, त्यात जवायाले वाण नाही दिलं तं वर जाऊन मी काय तोंड दाखवू? जवाई म्हणजे म्हणे विष्णूचं रूप. मी काही म्हणत नाही, मी तुम्हाले बनियानवर पोहे खाताना पाहिलं आहे, पण रीत ते रीत. हे घ्या अनारसे, तेहतीस आहेत — होते — दोन फुटले ते तुमच्या सासऱ्यानं खाल्ले, फुटलेले विष्णूले चालत नाहीत म्हणे, दत्तोपंताले चालतात.

आता तुम्ही म्हणसान, आई, वाण द्यायले तं जवायाले घरी बोलावतात, पाटावर बसवतात, पुरणाचे धोंडे करून वाढतात, तुम्ही काहून डबा घेऊन भर नवतप्याच्या उन्हात माह्या दारी आल्या? नाही म्हणत तुम्ही, पण तोंडावर दिसते न. अहो, घरी कसं बोलावू? घरी यामिनी बसली आहे. संक्रांतीले तिळगूळ द्यायले आली ते अजून गेलीच नाही. होळी गेली, पाडवा गेला, घरातला कूलर काढून झाला, तिची बॅग तिथंच दिवाणाच्या बाजूनं. शेजारची शर्मिष्ठा रोज विचारते, "दीदी, बिटिया अभी यहीं है?" मी म्हणते, हव, आंब्यासाठी थांबली. आता आंबेही सरायले आले. लग्नानंतरचा पहिला धोंडा तुमचा, आणि बायको माहेरी, नवरा इकडे एकटा मॅगी खाऊन राहिला, तिच्या नाकासमोर तुम्हाले पाटावर बसवून भरवू का? ती ताटच उचलून फेकन. माही पोरगी आहे, मले माहीत नाही का.

आणि हे आधीच सांगते, तिनं नाही पाठवलं मले. तिले पत्ताच नाही. मी तिले म्हटलं पुरानी बस्तीत भजनाले चालली. हातात एवढं मोठं खोकं घेऊन कोणी भजनाले जाते का, हे तिनं विचारलंच नाही. मोबाइलातून डोकं वर काढलं तं विचारन न. "हाँ मम्मी, जाओ" — बस.

तं वाणात अनारशासंगं दिवा द्यायचा असतो. तांब्याचा, पितळेचा, ऐपत असली तं चांदीचा. मी इचार केला, निरांजन देऊन हे काय करतीन? तुमच्या घरी देवासमोर उदबत्ती लावायची तं गॅसवर पेटवून आणता तुम्ही, मी पाहिलं आहे. आणि इकडे जेवायच्या टेबलावर काय, तं छतातून एक वायर लोंबून राहिली आणि तिले टोचलेला एक उघडा बल्ब. दोन वर्षं झाली या घराले, अजून तोच बल्ब. त्याच्याखाली माणूस जेवायले बसला की पोलीस चौकीत बसल्यासारखा वाटते, आता कोणी येऊन इचारन, कबूल कर. मी म्हटलं, दिवाच द्यायचा न? मग लटकवायचा देऊ. पेंडंट. शास्त्रात काय लिहिलं आहे का दिवा खालून जळला पाहिजे म्हून? नाही लिहिलं. मी गुरुजीले विचारलं बी नाही. विचारलं की ते नाही म्हणतात.

अहो, पण घेणं म्हणजे काय सोपं काम आहे? तुमचे सासरे होते सोबत. नवरा दुकानात सोबत नेला की दुकानातली एक खुर्ची अडते, एवढाच त्याचा उपयोग. बसल्या बसल्या त्यानं एकच प्रश्न विचारला — ट्यूबलाइट नाही का मिळत? मी म्हटलं तुम्ही पाणी प्या. दुकानदार मले आधी दाखवते बांबूचे, बस्तरचे आहेत आंटी, हाथ का काम है. काम चांगलं होतं, खोटं नाही बोलत, पण पाहिलं तं कोंबडी झाकायच्या टोपलीत बल्ब. मग काढली काच. धुरकट. मी म्हटलं, ही पुसा न भैया. तं म्हणते पुसायची नाही, ती तशीच असते, स्मोक ग्लास म्हणतात. घ्या! लहानपणी अभनपूरले मामाच्या घरी कंदिलाच्या काचा राखेनं घासता घासता माही बोटं कापली, आता म्हातारपणी दाम देऊन काजळी विकत घेऊ? शेवटी हे पितळेचे सापडले. पाहा न, धरा हातात. लहान आहेत, आमटीच्या वाटीएवढे, तोंड खाली, आतून पांढरे. उजेड खाली ताटात पडते, डोळ्यात येत नाही. आणि बल्ब पिवळा घेतला, मुद्दाम. पांढऱ्या उजेडात वरण आजारी दिसते. माणूस बी.

तीन काहून? अहो, दुकानदारानंच सांगतलं, लहान दिवे कधी दोन लावायचे नाहीत, दोन लावले की कोणीतरी वरून डोळे वटारून पाहून राहिलं असं वाटते. एक लावला तं एवढ्या लांब टेबलाले पुरत नाही. तीन एका ओळीत. तो म्हणे, एक वर, एक खाली, एक मधात, असं लावते आजकाल लोक. मी म्हटलं, ते धुणं वाळत घातल्यासारखं आमच्याकडे नाही चालत, सरळ लावा. टेबलापासून अडीच फूट उंच. त्याच्याहून खाली घेतला तं समोरच्याचं तोंड दिसत नाही, वर घेतला तं टक्कल चमकते — तुमचं नाही हो, तुमचे चांगले आहेत केस अजून, तुमच्या सासऱ्याचं म्हणते. ते येतात कुठं म्हणा इथं.

हिरालाल, पहले पेंसिल से निशान लगाओ बाबा, सीधे ड्रिल मत मारो! मागच्या वेळी यानं शर्मिष्ठाच्या घरी पंखा लावला तं वरच्या मजल्यावरचे लोक खाली भांडायले आले.

आता तो निशाण लावते तोवर — बसा न, मले तुमच्याशी बोलायचं आहे. हं, दिव्याचं आहे ते निमित्त, आता लपवून काय करू. पुष्कर, मले खरं खरं सांगा. मी तुमची सासू नंतर, तुमची आई आधी, तुम्हीच म्हणता न आई मले? तं आईले सांगा. कोणी दुसरी आहे का?

हसू नका! मी काय जोक करून राहिली? अहो, मी पाच महिने त्या पोट्टीले विचारून विचारून थकली, काहून आली, काय झालं, मारलं का, दारू पिते का, तुझ्या सासूनं काही म्हटलं का — तं तुमची आई बिचारी वर्ध्याले, तिचा गुडघा तिले उठू देत नाही, ती काय म्हणन. ही सांगतच नाही. शेवटी परवा मी भात वाढता वाढता चमचा आपटला, म्हटलं बोलतीस का आता! तं म्हणते — तिच्याच शब्दात सांगते — "मम्मी, उस घर में मैं तीसरी हूँ." बस. उठली, हात धुतला, गेली. आता मले सांगा, दोन माणसांच्या घरात बायको तिसरी कशी होईन? आधी कोणीतरी दुसरी असल्याशिवाय? मले तं रात्रभर झोप नाही. दत्तोपंताले उठवून सांगतलं तं म्हणतात, पुष्कर तसा नाही वाटत. मी म्हटलं, तसे वाटणारे तसे नसतात, तुम्हीही लग्नात हुशार वाटले होते.

म्हून मी आली. वाण तं द्यायचंच होतं, पण पाहायलेही आली, सरळ सांगते. मघाशी मी हात धुवायले म्हून आत गेली न, तं मी सगळं पाहून आली. माफ करा, पण पोरीचा संसार आहे, तिथं मी लाजत नाही. आणि सापडलं मले! हे काय आहे? बाथरूमच्या खिडकीत होतं. केसाचा क्लिप. आता म्हणा न, यामिनीचा आहे — यामिनीचे केस मानेवर कापलेले, तिले क्लिप कायले लागते? हा मोठा, दातवाला, अंबाड्याचा. बोला. काहून, माह्याकडे काय पाहता? क्लिपकडे पाहा. … द्या इकडे. हा दात तुटलेला — अगंबाई. हा तं माहाच आहे. त्या रविवारी तुमच्याकडे डोक्यावरून आंघोळ केली होती न मी, आमच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, नळ नव्हता आला म्हून. चार दिवस शोधून राहिली होती मी. बरं झालं सापडला.

ते जाऊ द्या. पण दाराशी ती लेडीज चप्पल? निळी, घरात घालायची? … हो, ती मीच आणून ठेवली, तुमची फरशी थंड लागते पायाले. मले माहीत आहे, मी काय विसरली का. मी फक्त विचारून राहिली, कारण चौकशी करायची तं पूर्ण करायची. फ्रीजमध्ये ते करवंदाचं लोणचं — बरं, ते माहं, बरणी माहीच आहे. पडदे मी शिवले. मसाल्याचा डबा मी लावून दिला, तिले जिरं सापडत नव्हतं म्हून. म्हणजे ते सोडून. हे सगळं सोडून दुसऱ्या कोणाचं काही या घरात असलं तं मले सांगा.

आणि फोन? आता फोनचं सांगा. यामिनी म्हणाली होती मले, मागे एकदा, दिवाळीच्या आधी — म्हणे, "मम्मी, लंच टाइम में इनको फोन लगाओ तो हमेशा बिज़ी." रोज दुपारी! नवऱ्याचा फोन रोज दुपारी बिझी म्हणजे काय समजाव बाईनं? कोणाशी बोलता रोज दुपारी? … माह्याशी?

हो न, माह्याशी. ते तं मले माहीत आहे, मीच लावते तं. तुमचा डबा झाला की मी लावते. पण ते कितीसं बोलतो आपण? काय खाल्लं, काय नाही, वर्ध्याले पाऊस आला का — हं, मग तुमच्या काकांच्या विहिरीची गोष्ट राहते अर्धी, मग ते पूर्ण होते, मग मी सांगते सकाळपासून काय काय झालं ते. अहो, त्याच्यात काय पाप आहे? तुम्ही सांगा, या हिंदी मुलखात मी कोणाशी बोलू? शर्मिष्ठाशी बोलाव तं हिंदीत, भाजीवाल्याशी हिंदीत, दत्तोपंत दिवसभर टीव्ही लावून बसतात, त्यात ते भांडणारे लोक, तेही हिंदीत. आणि ही माही पोट्टी! मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, लहानपणापासून. समजते तिले सगळं, शिवी दिली तं बरोबर समजते, पण तोंडातून निघत नाही. "मम्मी, क्या है ना, मुझसे नहीं होता." तुम्ही पहिल्यांदा घरी आले पाहायले, आणि वाटीतला झुणका खाऊन म्हणाले, "आई, असा झुणका माह्या आजीनंतर कोणाच्या हातचा नाही खाल्ला" — तं मी आत जाऊन रडली. खोटं कायले सांगू. मी दत्तोपंताले म्हटलं, पोरगा काळा असो, गोरा असो, नोकरी असो नसो, हाच पाहिजे. यामिनीले विचारलं? विचारलं असेल. हो म्हणाली असेल ती, म्हून तं लग्न झालं.

तेव्हापासून मले घरात कोणी आहे असं वाटते. बस. दर रविवारी आली मी इथं, चुकली नाही एक. तुम्ही भाजी चिरता, मी भाकरी थापते, आपण बोलत राहतो, तुमची आजी, माह्या मामाचं शेत, काय काय निघते. हसतो किती आपण! त्या दिवशी तुम्ही ते म्हशीचं सांगतलं तं माह्या नाकातून ताक आलं. आणि ही बसते तिकडे सोफ्यावर मोबाइल घेऊन. मी आवाज देते न तिले, ये न गं, बस आमच्यात. ती म्हणते, "आप लोग करो बातें." मले वाटे, आहे घुमी, बापावर गेली.

हिरालाल, क्या हुआ? … विचारून राहिला, बीच वाला किधर. रुको, बताती हूँ. तुम्हीही उठा एक मिनिट, खुर्च्या नीट लावू, मग त्याले बरोबर समजन. दिवा कसा, माणसाच्या थोडा समोर यायले पाहिजे, डोक्यावर नको, डोक्यावर आला की डोळ्याखाली सावली पडते आणि माणूस बारा दिवसांचा उपाशी वाटते. हं, तुम्ही इथं, खिडकीकडून. तुमच्या ताटावर एक. त्याच्यासमोर मी, किचनच्या बाजूनं, मले उठायले सोपं जाते, गरम पोळी आणायले. माह्या-तुमच्या मधात हा मोठा उजेड आला पाहिजे. आणि तिसरा तिकडे, त्या टोकाले, फ्रीजजवळ, यामिनीचा. तिले अंधारात ठेवायचं नाही. हिरालाल, देखो, एक यहाँ दामादजी का, एक यहाँ मेरा, और एक उधर —

काय? … काय म्हणाले तुम्ही?

ही खुर्ची यामिनीची आहे? ही, जिच्यावर मी हात ठेवला ते? कधीपासून? मी तं तिले कधी इथं बसलेली नाही पाहिली. ती नेहमी फ्रीजजवळच बसते, मी किती वेळा म्हटलं, तिथं दार लागते तुले, सरक इकडे —

बोला, मी ऐकून राहिली. हळू बोला, पण बोला.

रविवार सोडून. … बाकी सहा दिवस ती इथं बसते. तुमच्यासमोर. आणि रविवारी मी आली की — स्वतःच उठते? कोणी सांगत नाही तिले? तुम्ही बी नाही म्हणत, बस म्हून?

हिरालाल, रुको. रुको ज़रा. मशीन बंद करो.

…

तुम्हाले माहीत होतं. नाही, मान खाली नका घालू, मी भांडून नाही राहिली, मले फक्त समजू द्या. ती गेली त्या दिवशी तिनं तुम्हाले हेच म्हटलं होतं न? मैं तीसरी हूँ. आणि तुम्हाले समजलं होतं, दुसरी कोण ते. पाच महिन्यांपासून तुम्हाले माहीत आहे, रोज दुपारी मी फोन करते, रोज मी तुमच्यापाशी तिले शिव्या देते, हट्टी आहे, आळशी आहे, आपलाच दाम खोटा म्हून जवायाले काय बोलाव — आणि तुम्ही ऐकून घेता, हं आई, हं आई करता. काहून नाही सांगतलं मले? एकदा सांगाव माणसानं, आई, रविवारी येऊ नका. कडू लागलं असतं, मी दोन दिवस जेवली नसती, तिसऱ्या दिवशी जेवली असती. मरत नाही कोणी.

मले वाईट वाटन म्हून. वा! मले वाईट वाटू नये म्हून तिले वाटू दिलं. भला माणूस शोधला मी, कोणाले नाही म्हणता येत नाही असा. आणि नवरा कोणाचा आहात तुम्ही? नाही, सांगा न, झुणका मी केला म्हून माहे झाले का?

पाणी नको. बसते मी एक मिनिट. … इथं नाही, सोफ्यावर बसते.

पाहा, कसं दिसते इथून. तुमचं ते टेबल. इथून तुमची पाठ दिसते आणि माहं तोंड दिसत असेल. आवाज येत असतीन सगळे, हसण्याचे. ती बाई इथं बसून मोबाइल नव्हती पाहत, पुष्कर. मी आई आहे तिची, मले माहीत पाहिजे होतं. तिले राग आला की ती भांडत नाही, उठून जाते. भातावरूनही तशीच उठून गेली परवा, आणि मी काय समजली, तं जवायानं कोणी बाई ठेवली. घरची झडती घ्यायले आली मी, लाज नाही वाटली मले. आणि चोर सापडला तं दातवाला क्लिप लावून हिंडून राहिला.

नाही, हसा, हसण्यासारखंच आहे ते. मलेही हसू आलं असतं, दुसऱ्याच्या घरचं असतं तं.

हं. आता ऐका. मधात बोलू नका. हिरालाल, ये दो लाइट लगाओ — इधर एक, उधर एक, आमने-सामने. हाँ, दो ही. मले माहीत आहे दोन वाईट दिसतात, दुकानदारानं सांगतलं, वटारू देत डोळे, काय होते. तिसरा खोक्यातच राहू द्या. तो कुठं लावायचा हे यामिनीले विचारा. झोपायच्या खोलीत म्हणाली तं तिथं, बाल्कनीत म्हणाली तं तिथं, कचऱ्यात टाका म्हणाली तं कचऱ्यात. तुम्ही फक्त विचारा. पडदे तिले कोणी विचारले नाही, मसाल्याचा डबा नाही विचारला — दिवा तरी विचारा.

आणि आज संध्याकाळी जा तिले आणायले. उद्या नाही, आज. ऊन उतरलं की निघा. मी घरी नसेन, मी खरंच भजनाले जाते, आता खोटं बोलली तं खरं करून टाकते. दत्तोपंत असतीन, ते दार उघडतीन आणि टीव्हीकडे परत जातीन, त्यांचा त्रास नाही. तिले सांगा, मी न्यायले आलो. माहं नाव घेऊ नका, मी आली होती, दिवे आणले, हे सांगू नका — नाही, सांगा. लपवाल तं पुन्हा तेच होईन. सांगा, पण शेवटी सांगा. आधी तिचं ऐका. आणि पुष्कर, तिच्याशी हिंदीत बोला. हो, हिंदीत. तुम्हाले येत नाही का? ऑफिसात बोलता तं. माह्या पोरीची भाषा हिंदी आहे, मीच मानत नव्हती. ती ज्यात रडते, ज्यात हसते, त्यात बोला तिच्याशी, चुकलं तं चुकू द्या, हसन ती, हसू द्या. मराठी मराठी करून मी तुम्हाले तिच्याकडून ओढत राहिली, दुसरं काही नाही केलं मी.

फोन? नाही, मी नाही लावणार. दुपारी तिचा येऊ द्या. तुमच्या काकांच्या विहिरीचं तिले सांगा, तिले नाही माहीत ते, मले दोनदा सांगून झालं तुमचं.

काहून डोळे पुसता? तुम्हाले काय झालं? बायको वापस येऊन राहिली तुमची, रडायचं तं मी रडाव. मले आवडत होतं, पुष्कर, लय आवडत होतं इथं येणं. रविवारची मी सोमवारपासून वाट पाहे. झालं, सांगून टाकलं. आता ते पुन्हा काढू नका.

चप्पल? हो, घेऊन जाते. लोणचं राहू द्या, ते तिलेही आवडते.

हिरालाल, हो गया? जलाओ तो ज़रा. … हं. चांगले दिसतात. थोड़ा नीचे लो, नहीं, बस्स, बस्स, वैसे ही रहने दो. सामान बाँधो, चलो, मेरे को पुरानी बस्ती छोड़ देना.

काय म्हणता? जेवून जा? … अच्छा दामादजी, नहीं, खाना आज नहीं. देर हो गई. … क्यों, हिंदी में क्या हुआ? मैं तो ठीक ही बोल रही हूँ. आप बैठिए. दरवाज़ा हम खींच लेंगे.